डॉक्टरांच्या ऑस्टिनचा नंबर

म्हसरूळच्या आमच्या घराला अंगण होतं, अंगणात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये मोटार होती. ती चालत नसे. त्यामुळे उन्हाळा लागला की आई तिला आम्हा बापलेकींकडून ढकलून बाहेर काढवून घ्यायची, टपावर जुनं लुगडं पसरायची आणि त्यावर नागलीचे पापड वाळत घालायची. आई वणीकडची. पापड लाटताना ती एकटीच काहीबाही गुणगुणत राही आणि मध्येच कावळ्यांना हाकलायला ओरडे. आजूबाजूला सगळी फुलशेती, गुलाब आणि झेंडू. पहाटे फुलांच्या पाट्या भरून सायकली पंचवटीच्या बाजाराकडे निघत आणि त्यांच्या मागोमाग ओझरच्या कारखान्याची बस कोपऱ्यावर येऊन दोनदा हॉर्न देई. दुसऱ्या हॉर्नला अण्णा, म्हणजे माझे वडील, भाकरीचा शेवटचा घास तोंडात घेऊनच निघालेले असत.

अण्णा त्या विमानांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. एखादा भाग तयार होऊन आला की त्याच्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून पाहायचा, मापं घ्यायची आणि सगळं बरोबर असेल तर स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. तो शिक्का म्हणजे त्यांची अब्रू होती. घरीही त्यांची तीच रीत. रेशनचं कार्ड, गॅसची वही, माझी गुणपत्रिका, कशावरचाही आकडा ते दोनदा वाचत आणि दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलवत. डोक्यावरून विमान गेलं की जेवताना हात थांबायचा, कान टवकारले जायचे, आणि आवाज ओळखीचा निघाला की मग पुन्हा कालवणात भाकरी बुडायची.

मोटार नाशिक रोडच्या एका डॉक्टरांची होती. ते एकटे राहत. त्यांची ती जुनी ऑस्टिन गावातल्या कुठल्याच गॅरेजवाल्याला दुरुस्त करावीशी वाटत नसे, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने ते अण्णांकडे आले आणि अण्णा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊ लागले. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र दोनदा प्यायचा, असा त्यांचा करार होता. पुढे डॉक्टरांचं वय झालं, ते बहिणीकडे बेळगावला कायमचे निघाले, आणि जाताना गाडी, तिचं नोंदणीचं बुक, सह्या केलेले कागद आणि एक चिठ्ठी अण्णांच्या हातात ठेवून गेले. चिठ्ठीत एकच ओळ होती : ‘हिला पुन्हा रस्त्यावर आणा.’ दोन वर्षांत डॉक्टर गेल्याचं कळलं. अण्णांनी त्या दिवशी शेडमध्ये जाऊन गाडी पुसून काढली. त्यानंतरच्या पाच वर्षांतले बहुतेक रविवार त्यांनी त्या गाडीखाली घालवले. रविवारी सकाळी आमच्याकडे काळ्या मसाल्याची मिसळ असायची. अण्णांची वाटी आई गाडीच्या पायरीवर ठेवायची आणि ती बहुधा गार होऊन जायची.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझं कशातच धड नव्हतं. बारावीला शास्त्र शाखेतून जेमतेम सुटले होते, मग कलाशाखेत नाव घातलं होतं, आणि तिथे खिडकीबाहेर बघत तास काढत होते. दोन स्थळं येऊन पोहे खाऊन गेली होती. अण्णांच्या हाताखाली पाने देणं, बोल्ट रॉकेलमध्ये धुणं, यात माझं मन रमायचं. पण ते काही मुलीचं काम आहे असं कुणाला वाटत नव्हतं, मला स्वतःलासुद्धा नाही. आज मागे वळून पाहताना नवल वाटतं की जे हाताला येत होतं, ते आपल्याला येतं हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या वर्षी पाडव्याच्या सुमारास गाडी चालू झाली. पहिल्यांदा खोकली, मग थरथरली, आणि मग शिलाई मशीनसारखा एकसारखा आवाज देऊ लागली. आई हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, “आता पापड कुठं घालू मी?” अण्णा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी रजा टाकली, आणि आम्ही दोघं गाडी नावावर करून घ्यायला पेठ रोडला आरटीओच्या मैदानावर गेलो. रस्त्यात रिक्षावाले बाजूला होऊन वाट देत होते. एक भाजीवाली तर गाडीच्या पाया पडली.

तपासणीला जे इन्स्पेक्टर होते ते उंच, शांत गृहस्थ होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, कौतुकाने दारावरून हात फिरवला आणि बोनेट उघडायला सांगितलं. इंजिनावर ठोकलेला नंबर त्यांनी अंगठ्याने पुसला, वाचला, मग बुकात पाहिलं. पुन्हा वाचला. “इंजिनावर तीन एक शून्य चार दोन आहे,” ते म्हणाले. “बुकात तीन नऊ शून्य आठ दोन. चासी नंबरची पट्टी कुठे आहे?” चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. त्याच्या नंबराची पितळी पट्टी असते, ती आमच्या गाडीत नव्हतीच. चार भोकं तेवढी होती.

“डॉक्टरांच्या वेळेपासून नाहीये साहेब,” अण्णा म्हणाले.

“इंजिन बदललेलं असू शकतं. जुन्या गाड्यांत बदलतात, त्यात मोठंसं काही नाही,” इन्स्पेक्टर म्हणाले. “पण चासी बदलत नाही. पट्टी नसली तरी सांगाड्याच्या लोखंडावर नंबर ठोकलेला असणार. तो शोधा, त्यावर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्या आणि पुढच्या मंगळवारी आणा. तो बुकाशी जुळला तर प्रश्न मिटला.” त्यांनी बुक मिटलं. “दोन्ही नंबर वेगळे निघाले, तर ही बुकातली गाडीच नव्हे. मग मला पोलिसांत कळवावं लागेल. आणि एक सांगतो, नंबर घासू नका. कानस किंवा तारेचा ब्रश लागल्याची एक रेघ जरी दिसली, तरी मला तो छाप ग्राह्य धरता येणार नाही.”

 घरी आल्यावर आईने विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “मी ताडून पाहायला हवं होतं.” एवढंच. विमानाचा एकेक खिळा कागदाशी ताडून पाहणाऱ्या माणसाने सात वर्षं त्या बुकातले आकडे गाडीशी ताडून पाहिले नव्हते. डॉक्टरांनी हातात दिलेली वस्तू तपासायची म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा, असं त्यांना वाटलं होतं. त्यांचा कारखाना लष्करी कामाचा. चोरीच्या गाडीची चौकशी लागली तर गेटपासही अडू शकला असता. पण अण्णांना खुपत होतं ते वेगळंच. रात्रीच्या जेवणाला त्यांनी भाकरी मोडली, आणि न खाताच म्हणाले, “डॉक्टरांना ठाऊक असेल का गं हे?” आई म्हणाली, “तसा माणूस नव्हता तो. जेवा.” ते जेवले नाहीत.

अण्णांना रोज कामावर जावं लागे, म्हणून शोधायचं काम माझ्याकडे आलं. कुठे शोधायचं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पोतं अंथरून गाडीखाली शिरले. सांगाड्याचे दोन लांब पोलादी पट्टे, त्यांना जोडणारे आडवे पट्टे, आणि सगळ्यावर वर्षानुवर्षांच्या तेलाचा, धुळीचा आणि डांबरासारख्या काळ्या रंगाचा जाड थर. खरवडायचं नव्हतं, म्हणून मी रॉकेलमध्ये चिंध्या भिजवून त्या पट्ट्यांवर गुंडाळून ठेवायचे, तासाभराने थर मऊ झाला की लाकडाच्या चपट्या काडीने हळूच उचलायचे. वीतभर जागा साफ व्हायला अर्धा दिवस जाई. केसांना, बोटांना, जेवणालासुद्धा रॉकेलचा वास. शेजारच्या काकू कुंपणावरून आईला विचारत्या झाल्या, “हिला बघायला येणारेत ना रविवारी?” आई म्हणाली, “येऊ द्या की. तवर निघंल ती खालून.” (ते लोक आलेच नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.)

उजवा पट्टा कोरा निघाला. आडवे पट्टेही कोरे. रविवारी सकाळी अण्णा घरी होते आणि आम्ही डाव्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाशी आलो होतो. पुढच्या चाकाच्या स्प्रिंगमागे, जिथे हात जेमतेम शिरतो तिथे, चिंधी काढल्यावर माझ्या बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. दिसत काहीच नव्हतं. मी आईचा कुंकवाच्या करंड्यातला आरसा मागवला, अण्णांनी तो बाहेर उन्हात धरला आणि उन्हाची तिरीप आत फेकली. सरळ उजेडात जे लोखंड सपाट होतं, त्याच्यावर तिरप्या उजेडात आकड्यांच्या सावल्या उभ्या राहिल्या. एकेक आकडा कुणीतरी वेगळा ठोकलेला, एक जरा वर, एक जरा झुकलेला.  आजवर हजारो गाड्यांखाली वाकले असेन, पण पहिल्या नंबराचा तो थरार पुन्हा कधी आला नाही.

“वाच,” अण्णा म्हणाले.

“दोन. एक. चार. शून्य. तीन.”

 बाहेरून बुकाची पानं उलटल्याचा आवाज. “परत वाच.”

मी परत वाचला. अण्णांनी आरसा खाली ठेवला, तसा नंबर दिसेनासा झाला. बुकात दोन नऊ आठ शून्य तीन होतं. मी तशीच पडून राहिले. मला वाटलं, सापडला नसता तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, “छाप घे. जे आहे ते आहे.” मी कागद दाबून धरला, पेन्सिल आडवी फिरवली आणि पांढरे आकडे काळ्यातून वर आले. मी बाहेर येईपर्यंत अण्णा हात धुवायला गेले होते. हात पुसत, एकाच दमात ते म्हणाले, “मंगळवारी मीच त्यांना सांगतो, गाडी ठेवून घ्या म्हणून.” आणि देवळाकडे चालते झाले. ते देवळात क्वचितच जात.

मी ओट्यावर बसले. समोर बुक उघडं पडलं होतं आणि त्यावर छाप. आई सुपात तांदूळ निवडत होती. ती आली, माझ्याशेजारी टेकली आणि बुक हातात घेऊन लांब धरलं. आई चौथी शिकलेली, तीही मराठी शाळेत; इंग्रजी आकड्यांशी तिचं कधी जमलं नाही, बसचा नंबरही ती दुसऱ्याला विचारी. ती बुकातल्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागली, “दोन, एक, चार, शून्य, तीन. आन् मघाशी तू खालून वाचलंस ते बी हेच की. मग हे का रुसून गेले?”

“आई, तो एक नाहीये. इंग्रजी नऊ आहे. आणि तो आठ आहे.”

“आसंल तुझा नऊ. मला एक दिसतोय, मी एक म्हणते.”

मी चिडून तिच्या हातातून बुक घेतलं, आणि तसंच धरून राहिले. बुकात होतं 29803. मी बोटाने ओट्यावरच्या धुळीत लिहिलं, २१४०३. मराठी एक, जरा घाईत लिहिला की इंग्रजी नऊ. मराठी चार, वरची तोंडं जरा जवळ आली की इंग्रजी आठ. बाकीचे तीन आकडे दोन्हीकडे जवळपास सारखेच. मग मी इंजिनाचा नंबर काढला. बुकात 39082. “आई, हा वाच.” ती म्हणाली, “तीन, एक, शून्य, चार, दोन.” इंजिनावर ठोकलेला तोच नंबर! दोन्ही नंबरांत मिळून चार आकडे चुकले होते, आणि चारही वेळा एकाचा नऊ किंवा चाराचा आठ झाला होता. दुसरा एकही आकडा हललेला नव्हता. दुसऱ्या कुठल्या गाडीचे नंबर असे कसे जुळतील? मी आईला मिठी मारली. ती ओरडली, “अगं, तांदूळ! रॉकेलचे हात!”

अण्णांनी देवळातून आल्यावर सगळं दोनदा ऐकलं. मग म्हणाले, “हे आपलं म्हणणं झालं. पुरावा नव्हे.” पण ते बुक घेऊन बसले आणि त्यांनी पहिल्या पानावरचा पुसट शिक्का मला दाखवला. मूळ बुक हरवल्यावर दिलेली ती दुसरी प्रत होती, डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असतानाची. म्हणजे कुणीतरी डॉक्टरांच्या अर्जावरून नंबर उतरवून घेतले असणार. डॉक्टर आकडे कसे लिहीत, हे सांगणारं कोण उरलं होतं? अण्णांना एकच नाव आठवलं, त्यांचे कंपाउंडर गायधनी.

सोमवारी अण्णा कामावर, म्हणून मी एकटीच बसने गेले. देवळाली गावात विचारत विचारत घर सापडलं. गायधनीकाका वाळक्या अंगाचे, जाड चष्म्याचे. मी ऑस्टिन म्हटल्याबरोबर त्यांनी खुर्ची पुढे केली. मी काही सांगण्याआधीच विचारलं, “चालू झाली?”

“झाली काका. पण एक विचारायचंय. डॉक्टर आकडे मराठीत लिहायचे का?”

काका मोठ्याने हसले. “अगं, चिठ्ठीवरचा औषधाचा डोससुद्धा! केमिस्ट माझ्याकडे धावत यायचे, काका, हा चार की आठ? मी प्रत्येक चिठ्ठीवर पुन्हा अक्षरांत लिहून द्यायचो. माझी अर्धी नोकरी त्यातच गेली.” ते आत गेले आणि कापडात बांधलेली एक वही घेऊन आले. डॉक्टर कुठे कुठे व्हिजिटला गेले आणि किती मैल झाले, याची ती नोंदवही होती. पहिल्याच पानावर, निळ्या शाईत, डॉक्टरांच्या हातचं : ‘मोटार. सांगाडा २१४०३. इंजिन ३१०४२.’ एकाचं डोकं गोल वळवून शेपूट खाली ओढलेलं, चाराची तोंडं मिटलेली. कुणीही चुकलं असतं.

मी वही मागितली. काकांनी ती छातीशी धरली. “वही मी देणार नाही पोरी. मी स्वतः येतो.” मग म्हणाले, “डॉक्टरांकडे गाडी मागायला दोघं-तिघं आले होते. चांगले पैसे देत होते. ते म्हणाले, गायधनी, या सगळ्यांना गाडी हवीय. त्या ओझरवाल्याला ती चालायला हवीय.” हे वाक्य मी संध्याकाळी अण्णांना जसंच्या तसं सांगितलं.  त्यांनी फक्त दुसरी भाकरी मागितली.

मंगळवारी आम्ही तिघं इन्स्पेक्टरांच्या टेबलापुढे उभे होतो. त्यांनी आधी गाडीखाली वाकून लोखंड पाहिलं, छाप पाहिला, भिंगातून आकड्यांच्या कडा पाहिल्या. “हात लावलेला नाही,” स्वतःशीच म्हणाले. मग बुक आणि वही शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींतल्या आकड्यांवरून आलटून पालटून बोट फिरवलं. मग त्यांनी टेबलावरच्या टीपकागदावर स्वतः मराठीत एक काढला, चार काढला, कागद जरा फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “मला वर तर लिहावंच लागेल,” ते म्हणाले, “पण पोलिसांना नाही. नोंद दुरुस्तीसाठी. वेळ लागेल. काका, तुमचा जबाब लागेल, आणि वहीच्या पानाची नक्कल.” गायधनीकाकांनी तिथेच चष्मा पुसला.

“हे लक्षात कुणाच्या आलं?” इन्स्पेक्टरांनी अण्णांकडे बघत विचारलं.

“हिच्या आईनं वाचलं,” अण्णा म्हणाले, “हिनं ओळखलं. नंबरही हिनंच शोधला. मी आरसा धरला.”

इन्स्पेक्टरांनी माझ्या काळ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं. “काय शिकता?” मी सांगितलं, बी.ए., दुसरं वर्ष. “आवडतं?” मी खोटं बोलणार होते, पण अण्णा शेजारी उभे होते. म्हटलं, “नाही.” ते म्हणाले, “मोटारीच्या इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असतो. तो झाला की आमच्या खात्याची परीक्षा देता येते. माझ्यासोबत आजवर कुणी बाई पाहिली नाही मी या कामाला. पण बाईनं देऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही.” एवढं बोलून त्यांनी पुढच्या ट्रकवाल्याला हाक मारली.

गाडी नावावर व्हायला पुढे बरेच महिने गेले, पण त्या दिवशी आमच्यावर कुठलंच ओझं नव्हतं. गायधनीकाकांना बसला बसवून आम्ही दिंडोरी रोडने घरी निघालो. दुपारची वेळ, रस्ता रिकामा, दोन्हीकडे झेंडूचे मळे. अण्णा गाडी सावकाश चालवत होते. वळणावर त्यांनी गिअर बदलला आणि समोर बघतच म्हणाले, “डिप्लोमाला तीन वर्षं लागतात.”

“लागतात,” मी म्हटलं.

“पुन्हा पहिल्यापासून. सगळी मुलंच असतील वर्गात.”

“असतील.”

 घराच्या वळणाशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, आणि म्हणाले, “उद्या मी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. फॉर्म आणायला दोघं जाऊ.”